बंदुकीचे वंगण : तेल आणि ग्रीस यांची निवड

बंदूक, रायफल, पिस्तूल यांच्या धातूच्या भागांना घर्षण, झीज आणि गंज यांपासून वाचवण्यासाठी जे तेल किंवा ग्रीस लावतात, त्याला बंदुकीचे वंगण म्हणतात. हे वंगण निवडताना सहसा एकच प्रश्न विचारला जातो : सर्वांत निसरडे कोणते? विक्रेतेही त्याच प्रश्नाचे उत्तर विकतात. फिरत्या चाकावर पोलादाचा तुकडा दाबायचा, एक तेल लावल्यावर चाक अडते आणि दुसरे लावल्यावर फिरत राहते, हे गिऱ्हाइकाला दाखवायचे आणि बाटली खपवायची. हा खेळ खोटा नसतो, पण त्यातून बंदुकीबद्दल फारसे काही कळत नाही. वंगणाचा खरा कस दोन गोष्टींवर लागतो. लावले त्या जागी ते पाऊस, उष्णता, थंडी आणि महिनोन्‌महिन्यांचा निष्क्रिय काळ सोसून टिकते का, आणि नको त्या जागी जाण्याचे टाळते का. जिथे ते टिकते तिथला निसरडेपणा बहुतेक वेळा पुरेसाच असतो.

याचे कारण बंदुकीच्या हालचालीत आहे. मोटारीच्या इंजिनात पंप सतत ताजे तेल पुरवतो आणि फिरत्या दांड्याभोवती तेलाचा अखंड थर तयार होतो. धातू धातूला जवळजवळ शिवतच नाही. बंदुकीत पंप नसतो. काडतूस आत ढकलणारा बोल्ट काही सेंटिमीटर मागे जातो, थांबतो, पुढे येतो, पुन्हा थांबतो. प्रत्येक टोकाला वेग शून्यावर येत असल्याने तो अखंड थर बनतच नाही आणि दोन पृष्ठभाग अगदी पातळ चिकटलेल्या पापुद्र्याच्या भरवशावर एकमेकांवर सरकतात. शिवाय बहुतेक नागरी बंदुकांची एकूण हालचाल वर्षाकाठी काही मिनिटांचीही नसते. उरलेला सगळा वेळ ती हवा खात उभी असते. तेव्हा पापुद्रा ओघळून गेला, उडून गेला किंवा सुकून राळ झाला, तर मुळात तो किती निसरडा होता याला अर्थ उरत नाही.

टिकण्याचा हा प्रश्न नवा नाही, आणि आपल्याकडे तर त्याचा इतिहास रक्तरंजित आहे. १८५३च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीचे कागदी काडतूस चरबी लावलेले असे. काळ्या दारूची काजळी नळीत कडक होऊन बसते, ती मऊ राहावी आणि पुढची गोळी ठासता यावी, हा त्या चरबीचा हेतू. ही काडतुसे १८५३ साली हिंदुस्थानात प्रथम आली ती लढाईसाठी नव्हे, तर इथल्या हवामानात हे वंगण कसे टिकते हे पाहण्यासाठी. त्या वेळी बंगाल सैन्याचे ॲडजुटंट जनरल कर्नल टकर यांनी वंगणात कोणती चरबी आहे याबद्दल इशारा दिला होता. तो बाजूला पडला. जानेवारी १८५७मध्ये डमडमच्या छावणीत ही चरबी गाईची आणि डुकराची असल्याची कुजबुज सुरू झाल्यावर शिपायांनी मेण आणि तूप-तेल यांचे मिश्रण स्वतः करून लावावे, अशी मुभा देण्यात आली. तोवर विश्वास उडालेला होता, आणि त्याच वर्षी उठाव पेटला. धर्माचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून नुसत्या वंगणाच्या अंगाने पाहिले, तरी ती मुभा तांत्रिकदृष्ट्या वाईट नव्हती : उन्हाळ्यात चरबी वितळून कागदात मुरते, मेण त्या मानाने जागेवर राहते. वंगण कोणी, कुठे आणि कशा हवेत वापरायचे हे न विचारता निवडले, की काय होते याचे याहून मोठे उदाहरण शस्त्रांच्या इतिहासात सापडणार नाही.

यंत्रणेच्या वंगणाबद्दलचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेच्या एम-वन गॅरंड रायफलीचा आहे. ही स्वयंभरण रायफल १९३६ साली स्वीकारली गेली. मुसळधार पावसात मात्र तिचा बोल्ट अडू लागला. बोल्टचा कान आणि त्याला फिरवणारा दांडा जिथे एकमेकांवर जोराने घासतात, तिथले तेल पाण्याने धुऊन जाई. तेल हलक्या दर्जाचे होते असे नाही. ते तेल होते हीच अडचण होती. उपाय म्हणून पाण्याला दाद न देणारे ल्युब्रिप्लेट हे ग्रीस आले आणि त्याची छोटीशी डबी रायफलीच्या दस्त्यातच ठेवायची सोय झाली. नखावर मावेल एवढे ग्रीस नेमके त्या घासणाऱ्या जागी लावले, की तीच रायफल पावसात चालू लागे. बाकीच्या भागांना तेलच राहिले. एकाच शस्त्रात दोन वंगणे का, याचे उत्तर इथे आहे : भार मोठा, सरकणे जोराचे आणि जागा उघडी असेल तिथे ग्रीस, बारीक पिना, चापाची यंत्रणा, पातळ स्प्रिंगा अशा अडचणीच्या जागी तेल.

ग्रीस म्हणजे वेगळा पदार्थ नव्हे. तेलच असते, पण लिथियम, कॅल्शियम अशा धातूंच्या साबणाच्या जाळ्यात धरून ठेवलेले. साबण तेलाला जागेवर अडवतो आणि दाब पडेल तसे थोडे थोडे सोडतो. साध्या कॅल्शियम साबणाचे ग्रीस पाण्याला चांगले, पण उष्णतेला कच्चे. लिथियमचे उष्णता जास्त सोसते. ग्रीसचा घट्टपणा ००० ते ६ अशा अंकांनी सांगतात, आणि गॅरेजमध्ये मिळणारे नेहमीचे ग्रीस बहुधा २ क्रमांकाचे असते. बोल्टच्या कानांना, दुनळीच्या बिजागरीच्या खिळीला ते चालते. तेच फायरिंग पिनच्या नळकांड्यात भरले, तर पिन मंदावते, काडतुसाच्या टोपीवर ठोसा हलका बसतो आणि काडतूस उडत नाही.

टिकणे हाच निकष असेल तर सगळीकडे घट्ट ग्रीसच का भरू नये, हा आक्षेप इथे साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर थंडी देते. १९४१च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन सैन्याच्या शस्त्रांतील वंगण थिजले आणि बोल्ट हलेनात. वंगण जागेवर टिकले होते, पण वंगण म्हणून टिकले नव्हते. जागेवर राहण्याइतकेच प्रवाही राहणेही गरजेचे. म्हणूनच एम-सोळा मालिकेच्या अमेरिकी हस्तपुस्तिका उणे २३ अंश सेल्सिअसखाली नेहमीचे तेल बंद करून आर्क्टिकसाठीचे पातळ तेल सांगतात. सियाचीनवर जिथे पारा उणे ५०पर्यंत उतरतो, तिथे पुण्या-मुंबईत चालणारे तेल चालणार नाही हे उघड आहे. उलट कोल्हापुरातल्या शूटिंग रेंजवर आर्क्टिक तेल वापरणे म्हणजे पैसे देऊन लवकर उडून जाणारे तेल घेणे.

दुसरा आक्षेप धुळीचा, आणि तो अनुभवी माणसांकडून येतो : तेल धूळ धरते, म्हणून वाळवंटात शस्त्र कोरडे ठेवावे. ऐकायला पटते. पण अमेरिकी लष्कराने ॲबर्डीन येथे केलेल्या धुळीच्या चाचण्यांत हलके तेल दिलेली आणि भरपूर तेल दिलेली शस्त्रे शेजारी शेजारी तपासली, तेव्हा भरपूर तेलाची कमी अडली. २००७च्या पुढच्या चाचणीत चार प्रकारच्या कार्बाइनांना भरपूर तेल देऊनच प्रत्येक प्रकारातून ६०,००० गोळ्या झाडण्यात आल्या. ओले वंगण धूळ धरते हे खरे, पण धरलेली धूळ त्यात तरंगत राहते. कोरड्या पृष्ठभागांत तीच धूळ पाचरीसारखी रुतते. मात्र या निष्कर्षाला मर्यादा आहे आणि ती सांगितलीच पाहिजे, कारण कोरडेपणाचा आग्रह धरणारेही अर्धे बरोबर आहेत. दुसऱ्या महायुद्धातील इटालियन ब्रेडा ३० मशीनगनमध्ये प्रत्येक काडतुसाला तेल लावणारा पंप होता. आफ्रिकेच्या वाळवंटात त्या तेलकट काडतुसांवर वाळू चिकटून ती थेट चेंबरमध्ये जाई. म्हणजे धातूवर धातू सरकतो तिथे तेल हवे, काडतूस जाते त्या वाटेवर नको. चेंबरमध्ये तेल राहिले तर आणखी एक धोका असतो : स्फोटाच्या वेळी पितळी कवच फुगून चेंबरच्या भिंतीला धरते आणि बोल्टवरचा भार थोडा वाटून घेते, भिंत तेलकट असेल तर ही पकड सुटते आणि सगळा झटका बोल्टवर येतो. नळीतही तेल साचलेले असता कामा नये. साठवणीसाठी नळीला लावलेले तेल गोळी झाडण्याआधी कोरड्या चिंधीने पुसून काढायचे असते. एनसीसीच्या कॅडेटला पुलथ्रू, म्हणजे चिंधी बांधलेली दोरी, नळीतून ओढायला शिकवतात त्यामागे हेही कारण आहे.

मग एकच तेल साफही करते, वंगणही देते आणि गंजही थांबवते, असे जे सीएलपी नावाने मिळते, त्याचे काय? अमेरिकी सैन्याने १९८०च्या आसपास ते सर्वत्र नेले, कारण लाखो शिपायांना तीन बाटल्या देण्यापेक्षा एक बाटली देणे सोपे. ही सोय पुरवठा खात्याची आहे, धातूची नव्हे. काजळी विरघळवणारा पदार्थ आणि पापुद्रा धरून ठेवणारा पदार्थ एकाच बाटलीत घालायचे, तर दोघांनाही तडजोड करावी लागते. जे रोज शस्त्र साफ करतात त्यांना ही तडजोड जाणवत नाही. जे सहा महिने कपाट उघडत नाहीत त्यांना जाणवते. इंजिन ऑइलबद्दलही हेच. झीज थांबवण्यात ते मुळीच कमी नाही, आणि बंदुकीच्या नावाने महाग विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांपेक्षा ते वाईट नाही. फक्त ते बंद इंजिनात राहण्यासाठी बनलेले आहे, उघड्या नळीवर घामाचा आणि समुद्रावरचा खार अडवण्यासाठी नाही. शिवणयंत्राचे तेल बारीक यंत्रणेला चालते, पण लवकर ओघळते. पाणी हटवणारा फवारा, उदाहरणार्थ १९५३ साली सॅन दिएगोत तयार झालेला डब्ल्यूडी-४०, भिजलेल्या बंदुकीवर आधी मारायला उत्तम. वंगण म्हणून त्यावर थांबू नये. घरातली वनस्पती तेले मात्र टाळावीत. खोबरेल थंडीत थिजते, आणि जवसाचे तेल हवेत वाळून कडक होते. लाकडी दस्त्याला तेच हवे असते, चापाच्या यंत्रणेला तेच मारक.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर घर्षणापेक्षा गंज हा मोठा शत्रू आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि कोकणात अशा बंदुका आजही अनेक घरांत आहेत. वानर-डुकरांवर बार काढल्यावर काळ्या दारूचे पोटॅशियमचे क्षार नळीत उरतात आणि पावसाळी हवेतले पाणी ओढून घेतात. या क्षारांवर कितीही भारी तेल ओतले तरी उपयोग नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून आधी गरम पाणी, मग पूर्ण कोरडे करणे, आणि शेवटी तेल. जुन्या थ्री-नॉट-थ्री काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे आणि त्यातूनही तसाच खार नळीत बसे. ब्रिटिश सैन्यात नळीतून उकळते पाणी ओतून मगच ब्रह्मदेशच्या खनिज तेलाचे रंगून ऑइल लावत. तेल किती लावावे यालाही माप आहे. दुनळी नळी वर करून उभी ठेवली, की जादा तेल वर्षानुवर्षे खाली झिरपत दस्त्याच्या तोंडाच्या लाकडात मुरते. जुन्या बंदुकीत धातू लाकडाला मिळतो तिथे लाकूड काळे पडलेले आणि नखाने दबेल इतके मऊ झालेले दिसते, ते यामुळे. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या पिशवीत घालून ठेवणे त्याहून वाईट, कारण पिशवी दमटपणा धरते आणि तेल शोषून घेते. पावसाळाभर बंद राहणाऱ्या बंदुकीला घट्ट संरक्षक थर द्यावा, पण तो थर वापरण्याआधी संपूर्ण काढावा लागतो. युद्धोत्तर काळात विकल्या गेलेल्या रायफलींवरचा कॉस्मोलिन हा मेणचट थर नीट न काढता त्या चालवल्या गेल्या, तेव्हा वंगणच अडथळा ठरले.

हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल दारूचे शस्त्र नसली, तरी महाराष्ट्रात रेंजवर सर्वाधिक दिसते ती तीच, आणि तिचे नियम वेगळे आहेत. स्प्रिंगच्या एअर रायफलीत पिस्टन हवा इतक्या झपाट्याने दाबतो, की ती तापून पेट्रोलियम तेलाची वाफ डिझेल इंजिनाप्रमाणे पेट घेते. आवाज मोठा येतो, वेग दर गोळीला बदलतो आणि सील जळते. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बारपर्यंत हवा भरलेल्या रायफलीत तर असे तेल हवेच्या वाटेवर असणेच धोक्याचे. तिथे सिलिकोन ग्रीस वापरतात, कारण ते सहज पेटत नाही आणि रबराच्या सीलला खात नाही. पण त्याच रायफलीच्या चापाच्या खाचेला, जिथे पोलादावर पोलाद दाबून घासते, तिथे सिलिकोनचा पापुद्रा दाबाखाली फाटतो, आणि तिथे पुन्हा थेंबभर खनिज तेल किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले ग्रीसच लावावे लागते.