छोट्या जपानी पिकअपचा अमेरिकी काळ

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला, तेव्हा तेथील पिकअप, म्हणजे मागे उघडा हौदा असलेला हलका ट्रक, बहुधा सहा किंवा आठ सिलिंडरच्या मोठ्या इंजिनावर चाले. डॅटसन आणि टोयोटा यांचे पिकअप मात्र चार सिलिंडरचे, हलके आणि म्हणूनच कमी पेट्रोल पिणारे होते. या काटकसरीचे सारे श्रेय तांत्रिक कौशल्याला देता येत नाही, कारण त्या छोट्या इंजिनात अवजड ओझे ओढण्याची ताकदही कमी होती, आणि हे विसरून केलेली तुलना अन्यायाचीच ठरते. १९६४ पासून आयात ट्रकवर २५ टक्के जकात होती, तरी हौद्याविना आणलेल्या सांगाड्यावर, ज्याला कॅब-चासी म्हणतात, अवघी ४ टक्के लागे; हौदा अमेरिकेत बसवला जाई, आणि ही पळवाट १९८० मध्ये बंद झाली. विशेष म्हणजे १९७२ पासून फोर्डने माझ्दाचा आणि शेव्हरोलेने इसुझूचा छोटा पिकअप तेथे स्वतःच्या नावाने विकला. १९७५ च्या ऊर्जा कायद्याने कंपनीच्या सर्व गाड्यांच्या सरासरी इंधनक्षमतेचे बंधन घातले, पण हलक्या ट्रकांसाठी ते मोटारींपेक्षा सौम्य राहिले. १९८० च्या दशकाच्या आरंभी रेंजर आणि एस-१० हे देशी छोटे पिकअप आले, तेव्हा फोर्ड आणि शेव्हरोले यांना जपानी गाड्यांची गरज उरली नाही.