तारापूरची वाफ आणि तपासणीची यादी

१/७
दांडी म्हटले की १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवतो. पालघर जिल्ह्यातही एक दांडी आहे. बोईसरच्या पश्चिमेचे हे मच्छीमारांचे गाव तारापूर अणुवीज केंद्राच्या शेजारी, त्याच किनाऱ्यावर वसले आहे. जुन्या यंत्राचा कोणता भाग आधी तपासावा, हा प्रश्न या केंद्राच्या इतिहासात वारंवार उभा राहिला.

२/७
अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या येथील दोन अणुभट्ट्यांचे व्यावसायिक उत्पादन २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाले. प्रत्येकीची क्षमता २१० मेगावॅट होती. भट्टीतच पाणी उकळून वाफ थेट टर्बाइनकडे जाई. शिवाय दुय्यम वाफजनित्रांतूनही वाफ मिळे.

३/७
तप्त पाणी, त्यातील प्राणवायू आणि वेल्डिंगनंतर स्टेनलेस स्टीलमध्ये उरलेला ताण यांच्या संयोगाने नळांच्या जोडांजवळ सूक्ष्म भेगा पडतात. या जातीच्या अणुभट्ट्यांना जगभर हा विकार जडला. भेग आतून वाढते, म्हणून ती अल्ट्रासॉनिक लहरींनी शोधावी लागते. किरणोत्सर्गामुळे माणसाला तेथे फार वेळ थांबता येत नाही. त्यामुळे आधी कोणता जोड पाहायचा, हे ठरवणे भाग पडते.

४/७
या निवडीला गणिताचा आधार मिळाला तो अमेरिकेतील १९७५ च्या रासमुसेन अहवालाने. बिघाडाची शक्यता आणि त्याचे परिणाम यांचा एकत्र विचार म्हणजे जोखीम. मोठा नळ फुटण्यापेक्षा लहान गळती आणि मानवी चुका अधिक घातक ठरू शकतात, असे त्यात दिसले. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड येथे उघडीच राहिलेली एक झडप अनर्थाला कारण झाली.

५/७
१९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तारापूरला परदेशी सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या होत्या. अखेर १९८० च्या दशकात ती वापरातून काढून प्रत्येक भट्टीची क्षमता १६० मेगावॅटवर आणली गेली. वीज गमावून जोखीम कमी करण्याचा हा निर्णय होता. पुढे सर्वंकष सुरक्षा आढाव्यानंतर २००५-०६ मध्ये भट्ट्या काही महिने बंद ठेवून आपत्कालीन डिझेल जनित्रांसह अनेक यंत्रणा सुधारण्यात आल्या. ही जनित्रे एरवी स्वस्थ असतात. मात्र बाहेरची वीज गेल्यावर भट्टी थंड ठेवण्याची मदार त्यांच्यावरच असते. २०११ मध्ये फुकुशिमाने हे जगाला दाखवले.

६/७
या पद्धतीची मर्यादाही इतिहासात नोंदली गेली आहे. ९ ऑगस्ट २००४ रोजी जपानमधील मिहामा केंद्रात वाफेच्या बाजूचा एक नळ फुटून ५ कामगार मृत्युमुखी पडले. मुळात १० मिलिमीटर जाड असलेली त्याची भिंत झिजून अतिशय पातळ झाली होती. हा भाग तपासणीच्या यादीतून सुटला होता आणि १९७६ पासून तो कोणी पाहिलाच नव्हता.

७/७
जे यादीत नसते, त्याची जोखीम कोणतेही गणित मांडू शकत नाही. तारापुरात यादी केंद्राच्या आत तयार होते, परंतु ‘परिणाम’ या शब्दात दांडी, उच्छेळी, घिवली ही गावेही येतात. त्यामुळे यादीत काय आहे याइतकाच, त्यातून काय सुटले आणि ते कोणी तपासले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार या किनाऱ्याला आहे.