लोण्याची सुरी, तुपाचं घर



मागच्या आठवड्यात सुनेने विचारलं, "आई, रोजच्या वापराला एक बटर नाइफ आणू का?" मी म्हटलं, "आपल्याकडे बटर खातं कोण?" ती हसली. "खाकऱ्याला तूप लावायला हो! चमच्याने खाकरा मोडतो." बरोबरच होतं तिचं. पण या सुरीशी माझा एक जुना हिशोब आहे, तो आज लिहून टाकते.

आधी लोण्याचं. मध, मद्य, मांस आणि लोणी या चार महाविगई आपण लहानपणापासून ऐकत आलो. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाने काय खाऊ नये ते सांगितलं, त्यात लोणी आहे. दिगंबर परंपरेत अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायातही हेच चार पदार्थ एकत्र येतात. कारण एकच, ताकातून वेगळं काढलेल्या लोण्यात अंतर्मुहूर्तात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात. मुहूर्त म्हणजे दोन घडी, 48 मिनिटं, आपल्या एका सामायिकाएवढा वेळ. आमच्या सासूबाई लोणी काढायच्या आधी शेगडी पेटवून ठेवायच्या. गोळा वर आला की सरळ कढईत. म्हणून आपल्या घरात लोण्याला भांडं नाही, तुपाला आहे.

सुरीची गोष्ट दूरदेशची. पूर्वी युरोपात जेवणाच्या सुऱ्या टोकदार असत, त्याच सुरीने कापायचं आणि तिच्याच टोकाने घास उचलायचा. फ्रान्सच्या कार्डिनल रिशल्यूने पाहुण्यांना सुरीने दात कोरताना पाहिलं आणि घरातल्या सगळ्या सुऱ्यांची टोकं गोल करायला लावली, असं सांगतात. पुढे 1669 साली चौदाव्या लुईने टोकदार सुऱ्यांवर बंदीच घातली. मला हे वाचून गंमत वाटली. ताटाशेजारचं शस्त्र काढून घेतलं, तेव्हा कुठे लोणी फासायची बोथट सुरी जन्माला आली!

आपल्याकडे मराठी स्वयंपाकघरात विळी होती, टेबलावरच्या सुरीचं काम नव्हतं. 1817 च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्यात इंग्रजांचा कॅम्प वसला आणि काटे-सुऱ्या आल्या. मागून इराणी हॉटेलांचा बन-मस्का आला. 1930 साली आणंदला पोल्सनची डेअरी निघाली, 1946 साली तिथेच खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा संघ उभा राहिला आणि त्यातून अमूल घरोघरी पोचलं. आपल्या कितीतरी घरांतही पोचलं. खोटं कशाला बोलू, मुलगा शाळेत असताना त्याच्या डब्यात मीही ब्रेड-बटर दिलंय.

त्यासाठीच 1984 साली मी जुन्या बाजारातून एक सुरी आणली. पात्यावर शेफील्डचा शिक्का, पिवळसर पांढरी मूठ, हातात गुळगुळीत बसणारी. पुढे बटर बंद झालं, पण सुरी राहिली. थंडीत घट्ट झालेलं तूप आम्ही तिनेच लावायचो. नऊ वर्षं.

मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नव्या नजरेने त्यांनी एकदा ती मूठ उन्हात धरली आणि मला हाक मारली. "बघ गं, यावर बारीक काळे ठिपके आहेत." बोहरी आळीतल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला दाखवली. तो सहज म्हणाला, "हाड आहे, बाई. जुन्या विलायती सुऱ्यांना हाडाची नाहीतर हस्तिदंताची मूठ असायचीच."

सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी महिनाभर तूप सोडलं. सुरी जमिनीत खड्डा करून परठवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. मी बी.कॉम. शिकलेली. भाव पाहिला, शिक्का पाहिला, पण मूठ कशाची आहे हे विचारलंच नाही. लोण्यातले न दिसणारे जीव आम्हाला माहीत होते, हातातलं हाड दिसलं नाही.

म्हणून सुनेला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. मूठ आणि पातं एकाच स्टीलचं, अखंड असावं. 1913 साली शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियम घालून न गंजणारं पोलाद केलं, तेव्हापासून हाडाच्या मुठीची किंवा चांदीच्या पात्याची गरजच उरली नाही. 18/8 लिहिलेलं स्टील उत्तम, म्हणजे 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. पोकळ, जोड दिलेली मूठ नको. जोडात तूप अडकतं, मुंग्या येतात आणि धुताना त्या मरतात. जयणा इथेच सांभाळायची असते. टोक गोल, धार बोथट आणि दाते अजिबात नकोत, दात्यांनी खाकरा तुटतो. पातं रुंद आणि थोडं पातळ हवं. लांबी वीतभरापेक्षा कमीच बरी, तुपाच्या बरणीत तिरकी पडत नाही. पांढऱ्या मुठीची जुनी सुरी कितीही देखणी असली तरी खात्री झाल्याशिवाय घेऊ नका.

काल सून तुळशीबागेतून सुरी घेऊन आली. साधी, अखंड स्टीलची. पिशवीतून काढायच्या आधीच म्हणाली, "आई, मूठ कशाची आहे ते विचारून आणली." मी काही बोलले नाही. देव्हाऱ्याजवळच्या सासूबाईंच्या फोटोकडे तेवढं पाहिलं.

लिहिताना जिनवचनाविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.