ओल्ड येलर
वॉल्ट डिझ्नी यांच्या संस्थेचा अमेरिकी कौटुंबिक चित्रपट (१९५७). दिग्दर्शक रॉबर्ट स्टीव्हन्सन. आधार फ्रेड गिप्सन यांची १९५६ ची कादंबरी. कथा १८६० च्या दशकातल्या टेक्सासमध्ये घडते. वडील गुरे घेऊन दूर गेलेले असताना घर सांभाळणारा ट्रॅव्हिस (टॉमी कर्क) दारी आलेल्या पिवळ्या भटक्या कुत्र्याला आधी हुसकावतो. धाकट्या भावाला अस्वलापासून, पुढे खुद्द ट्रॅव्हिसला रानडुकरांपासून वाचवणारा हा कुत्रा त्याचा जिवलग होतो. मात्र पिसाळलेल्या लांडग्याशी झुंजताना त्याला रेबीज होतो आणि ट्रॅव्हिसलाच गोळी झाडावी लागते. बालप्रेक्षकांपासून हे दुःख न लपवण्यातच चित्रपटाचे खरे मोठेपण आहे. ओल्ड येलरची भूमिका स्पाइक या कुत्र्याने विलक्षण समजुतीने केली. ‘सॅव्हेज सॅम’ (१९६३) हा याचा उत्तरभाग.