नायलॉन मांजा : उत्पादक व आयातदार यांचे दायित्व

पतंग उडवण्यासाठीचा न कुजणारा कृत्रिम दोरा. बाजारात तो ‘चायनीज मांजा’ म्हणून खपतो, मात्र यातला बराच माल भारतातच बनतो. राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 रोजी त्याचे उत्पादन, साठा, विक्री व वापर यांवर देशभर बंदी घातली. तरीही संक्रांतीच्या तोंडावर पंचवटीसह नाशिकभर पोलिसांच्या छाप्यांत या मांजाचे गट्टू सापडतात. ओढ बसली तरी हा दोरा सुती दोऱ्यासारखा सहज तुटत नाही. तो दुचाकीस्वाराचा गळा चिरतो आणि झाडांत अडकून पुढे कित्येक महिने पक्ष्यांना फास लावतो.

पकडला जातो तो बहुधा किरकोळ दुकानदार, नाहीतर पतंग उडवणारा पोरगा. धोका वापरातून निर्माण होतो, बनवणाऱ्याचा त्यात काय दोष, असा बचाव केला जातो. तो टिकत नाही, कारण बंदी असलेल्या मालाला कायदेशीर वापरच उरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आयातदारही ‘उत्पादन-विक्रेता’ ठरतो. परदेशी उत्पादकावर आदेश बजावता येत नसेल, तर भरपाईची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. खरी अडचण वेगळी आहे: गळा चिरलेला वाटसरू ‘ग्राहक’ नसतो. त्याला दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि गट्टूवर अनेकदा बनवणाऱ्याचा पत्ताही नसतो. म्हणूनच जप्तीचा तपास बिले व वाहतूक-पावत्यांवरून कारखान्यापर्यंत जायला हवा. हे काम किचकट आहे खरे, पण दुकानामागून दुकान धुंडाळणे त्याहून निष्फळ. पर्यावरण संरक्षण कायद्यात 1 एप्रिल 2024 पासून 10 हजार ते 15 लाख रुपये दंडाची तरतूद आहे. तिची वरची मर्यादा उत्पादकासाठीच वापरली पाहिजे.