होनांचे झाड

हिंदुस्थानात कंपनीची चाकरी करून गबर होऊन विलायतेस परतलेल्या गृहस्थांविषयी ‘पॅगोडाचे झाड हलविले’ असे इंग्रजीत म्हणत. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने या वाक्प्रचाराची नोंद घेताना तो हिंदुस्थानापेक्षा विलायतेतच अधिक प्रचलित होता अशी पुस्ती जोडली आहे. ती मोठी मार्मिक आहे. कारण ज्यांनी ते झाड स्वहस्ते हलविले, त्यांना त्याची मुळे कोणाच्या शेतात आहेत हे पक्के ठाऊक होते.

पॅगोडा म्हणजे आपला होन. विजयनगरच्या काळात ‘वराह’ या नावाने प्रसिद्धीस आलेले, सुमारे साडेतीन माशांचे हे सुवर्णनाणे दक्षिणेच्या व्यवहारात इतके मुरले होते, की १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवछत्रपतींनी सोन्याचे नाणे पाडले ते होनच, आणि मद्रासच्या इंग्रजांनी आपली दफ्तरे ठेवली तीही ४२ फणमांचा एक पॅगोडा याच हिशेबाने. तेथील गव्हर्नर थॉमस पिट याने ४८,००० पॅगोडांस घेतलेला कच्चा हिरा पैलू पाडून १७१७ साली फ्रान्सच्या रीजंटास १,३५,००० पौंडांस विकला. १७४४ साली सालिना ५ पौंडांवर कारकून म्हणून आलेल्या क्लाइव्हची कथा तर सर्वश्रुतच आहे. परंतु हिरा किंवा लढाई रोज हाती लागत नाही. झाड बारमाही फळावे अशी युक्ती निराळीच होती, आणि ती पाहावयाची तर कर्नाटकातच, म्हणजे अर्काटच्या नवाबाच्या मुलखातच, पाहिली पाहिजे.

अर्काटचा नवाब महंमद अली कंपनीच्या फौजेचा खर्च भागविण्यासाठी कंपनीच्याच नोकरांकडून जबर व्याजाने कर्ज काढी आणि त्यापोटी महालांच्या वसुलावर वराता लिहून देई. धनी फौजेचे पैसे मागणार, चाकर ते कर्जाऊ देणार, आणि दोघांचेही देणे अखेर रयतेच्या खळ्यावरून उचलले जाणार, अशी ही सोयीची व्यवस्था होती. १७७३ साली नवाबाने कंपनीच्याच फौजेच्या बळावर तंजावर जिंकून तुळजाजी राजे भोसले यांस कैद केले, तेव्हा कावेरीकाठचे मराठी राज्यही या तारणात गेले. विलायतेतील संचालकांच्या हुकमावरून गव्हर्नर पिगट याने १७७६ साली राजास पुन्हा गादीवर बसविले. त्याबरोबर पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचा एक नोकर पुढे सरसावला आणि तंजावरच्या वसुलावर व तेथील लोकांकडे आपले सुमारे २,३०,००० पौंड येणे आहे, असा दावा त्याने मांडला. काही शे पौंडांच्या वेतनात ही रक्कम कशी साठली, असा प्रश्न कोणासही पडावा; कौन्सिलाने प्रथम दावा फेटाळला, मग बहुमताने उचलून धरला, आणि आड येणाऱ्या पिगटलाच त्या ऑगस्टात अटकेत टाकले. पुढल्या वर्षी तो कैदेतच वारला.

नवाबाची ही कर्जे चौकशीवाचून मान्य झाली ती १७८४ साली, विल्यम पिटच्या मंत्रिमंडळाच्या अमदानीत. हा पिट त्या हिरेवाल्या पिटचा पणतू होता, हा योगायोग इतिहासकार सहसा नमूद करीत नाहीत, पण मला तो नमूद करण्याजोगा वाटतो. बेनफील्ड स्वतः पार्लमेंटात बसून आलेला होता. १७८५ च्या फेब्रुवारीत एडमंड बर्कने या कर्जांवर घणाघाती भाषण केले, तरी मंत्रिमंडळ ढळले नाही. बेनफील्डची दौलत मात्र पुढे व्यापारात बुडाली आणि १८१० साली तो पॅरिसमध्ये दारिद्र्यात मेला.

१८०१ मध्ये कर्नाटकचा कारभार कंपनीने हाती घेतल्यावर १८०५ पासून आयुक्तांनी नवाबावरील उरलेले दावे तपासण्यास घेतले आणि त्यांतील बहुतेक बनावट निघाले. जे खरे ठरले त्यांची फेड कर्नाटकच्या महसुलातूनच व्हावयाची होती. ही तपासणी चालू असतानाच, १८१८ साली, मद्रासने पॅगोडाचा हिशेब मोडीत काढून १०० पॅगोडांस ३५० रुपये हा दर बांधून दिला.