रेव्हरंड टिळक : स्वच्छंद आणि सेवा

मनुष्याचा स्वभाव मुळापासून पालटतो, की त्याच स्वभावास वाहण्यासाठी निराळे पात्र लाभते, हा प्रश्न जुना आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र पाहिले असता दुसरे उत्तरच अधिक खरे वाटू लागते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. लहानपणीच मातृछत्र हरपले, वडिलांचा स्वभाव कठोर. तेव्हा हा मुलगा घर सोडून नाशिकास गेला आणि तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. जे मनात आले ते तत्काळ करावयाचे, कोणाची संमती पाहावयाची नाही, हे वळण तेव्हापासून पडले. १८८० मध्ये विवाह झाला. पण एका गावी, एका नोकरीत ते फार दिवस टिकले नाहीत. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथांचे काम, असा त्यांचा संसार फिरत राहिला. हाती आलेला पैसा घरी पोहोचेलच याची शाश्वती नसे.

धर्माच्या बाबतीतही तीच रीत. मूर्तिपूजा व जातिभेद यांना मन विटले, तेव्हा आपणच एक नवा धर्म स्थापावा, असे त्यांनी योजिले होते. इतक्यात सुमारे १८९३ मध्ये राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. त्याने ‘नवा करार’ भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते जिंकले गेले. स्वतः धर्मसंस्थापक होऊ पाहणारा हा पुरुष शिष्य झाला आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस त्याने बाप्तिस्मा घेतला.

हा निर्णय त्यांच्या एकट्याचा होता. त्याची किंमत मात्र लक्ष्मीबाईंस मोजावी लागली. कित्येक वर्षे त्या पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. चरित्रकाराने हे दुःख झाकून ठेवू नये. परंतु याच काळात टिळकांत पडलेला फरकही दिसतो. पत्नीस ते बोलावीत राहिले, पण धर्मांतराची अट त्यांनी घातली नाही. अहमदनगरास त्या परत आल्या, तेव्हा प्रथम आपले सोवळे सांभाळून राहिल्या. आवेगी माणूस वाट पाहावयास शिकला. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

मग त्या घराचे दार सर्वांस मोकळे झाले. दुष्काळाने अनाथ केलेली मुले तेथे वाढली. तरुण बालकवी ठोमरे यांनाही त्याच घरी माया मिळाली. टिळकांनी शेकडो मराठी भजने रचली. त्यामुळे ख्रिस्ती उपासनेत परदेशी चालींच्या जोडीस अभंगाचा सूर आला. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे होते.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तभक्तांनी तेथे एकत्र यावे, ही कल्पना होती. हे पाऊलही तडकाफडकीचेच. परंतु पूर्वीची पावले स्वतःच्या समाधानासाठी पडत, हे पाऊल दुसऱ्यांसाठी पडले.

९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. पतीच्या लहरीपणाचे मिस्किल पण निर्भीड चित्रही त्यांनीच ‘स्मृतिचित्रे’मध्ये रेखाटले. ज्या पत्नीस त्या लहरींचा चटका सर्वांत अधिक बसला, तिनेच त्यांचे कार्य आपले मानावे, यापरते मोठे प्रमाणपत्र कोणते? टिळकांचा आवेग अखेरपर्यंत ओसरला नाही. ख्रिस्तभक्तीने त्यास बांध घातला नाही, पाट काढून दिला. आणि त्या पाटाच्या पाण्यावर इतरांची शेते भिजली.